साडेचार किलोंचा चाप

आयलिफ राग्नदिसला फारसा ओळखत होता, असं म्हणता येणार नाही. दोघं एकाच खोऱ्यात जन्मभर राहिले, पण त्यांचं आयुष्यभराचं बोलणं एकत्र केलं तर ते एका दुपारच्या कॉफीत संपलं असतं. आयलिफ शिवणयंत्रं, दूध काढायची यंत्रं, कुलपं आणि बंदुका दुरुस्त करायचा. त्यामुळे राग्नदिसपेक्षा तिच्या घरातली यंत्रंच त्याला जास्त ठाऊक होती. तिच्या शिवणयंत्राचा पट्टा दर दोन वर्षांनी सैल पडतो, हे त्याला माहीत होतं. तिनं लग्न का केलं नाही, तिला रात्री एकटीला काय वाटायचं, हे माहीत नव्हतं. विचारायचं धाडस तर त्याच्यात कधीच नव्हतं. एका वर्षीचा ऑगस्ट महिना मात्र त्याच्या चांगला लक्षात आहे, आणि तोही तिच्या रायफलीमुळे.

त्या महिन्यातल्या एका सोमवारी राग्नदिस त्याच्या दुकानात आली. दुकान म्हणजे जुन्या दूध डेअरीच्या मागची पत्र्याची खोली. तिच्या एका खांद्यावर रायफल होती आणि हातात मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा.

"हा चाप बघ," ती म्हणाली. "काटा मुद्दाम आणलाय. मी नुसतं सांगितलं असतं तर तुला खोटं वाटलं असतं."

आयलिफनं बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, काट्याचा आकडा चापात अडकवला आणि हळूहळू ओढला. काटा एकवर गेला, दोनवर गेला, तीनवर गेला. खटका पडला तेव्हा सुई साडेचारवर होती.

"साडेचार किलो," तो म्हणाला.

"यापेक्षा हलकी पोरं जन्माला येतात," राग्नदिस म्हणाली.

मग तिनं उजवा हात बाकावर ठेवला. चाळीस वर्षं गाईंचं दूध काढून बोटांच्या सांध्यांवर पाइनच्या खोडावर असतात तशा गाठी आल्या होत्या. चाप ओढायचं बोट तर पुरतं वाकतही नव्हतं. ती तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती.

रायफल तिच्या वडिलांची. पंचेचाळीस साली युद्ध संपलं, जर्मन सैन्य नॉर्वे सोडून गेलं आणि मागे त्यांच्या बंदुकांचे ढीग राहिले. त्यातली एक वडिलांना मिळाली. त्यांनी तिचा लाकडी दस्ता कापून हलका केला आणि पुढची सत्तावीस वर्षं त्याच बंदुकीनं एल्कची शिकार केली. एल्क म्हणजे घोड्याहून उंच हरीण. एक पडलं की चार घरांचा हिवाळा निघतो. वडील गेल्यावर शिकारीच्या तुकडीतली त्यांची जागा राग्नदिसला मिळाली. अकरा पुरुष आणि ती. दलदलीच्या काठी, पडलेल्या देवदाराच्या मागे वडील जिथं उभे राहायचे तिथंच ती दर शरदात उभी राहायची.

पण शिकारीला जायचं तर दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. शंभर मीटरवर एल्कचं चित्र, त्याच्या छातीवर एक वर्तुळ, आणि पाचच्या पाच गोळ्या वर्तुळात. चार चालत नाहीत. राग्नदिस त्या वर्षी दोनदा नापास झाली होती. चाप ओढायला इतका जोर लागायचा की बंदुकीचं तोंडच हलायचं.

"गुरुवारी शेवटची संधी आहे," ती म्हणाली. "गुडमुंड काय म्हणाला ठाऊक आहे?"

गुडमुंड तिचा चुलत भाऊ, तुकडीचा म्होरक्या. परीक्षा घेणाराही तोच.

"म्हणाला, 'राग्नदिस, आता तू शेकोटीपाशी बस आणि कॉफी टाक. एवढ्या माणसांना कॉफी लागतेच की.' दलदलीची जागा जावयाला द्यायचं त्याच्या मनात आहे. त्या जावयाला, जो ओस्लोहून येताना चष्म्याची दोन घरं आणतो आणि दोन्हीत चष्मा नसतो!"

"मग..." आयलिफ चाचरला. "नवी रायफल?"

"नवी कशाला? हिची नळी सरळ, लाकूड सरळ. वाकडं झालंय ते माझं बोट. बोट नवं मिळत असेल तर सांग."

"बघतो," आयलिफ म्हणाला. हा त्याचा ठरलेला शब्द. याच्या पलीकडे गिऱ्हाइकाला तो कधी काही वचन देत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दस्त्याचे दोन स्क्रू काढले आणि चापाची जोडणी खाली उतरवली. या सैन्याच्या रायफली त्यानं डझनानं पाहिल्या होत्या. त्यांचा चाप दोन टप्प्यांत चालतो: आधी थोडा सैल येतो, मग भिंतीला टेकल्यासारखा अडतो, आणि ती भिंत ओलांडली की गोळी सुटते. भिंत जड असते हे खरं, पण इतकी जड नसते. त्यानं सुईनं जुनं, घट्ट झालेलं वंगण खरवडलं. खटक्याची स्प्रिंग बाहेर आली आणि तिच्या पोटातून दुसरी स्प्रिंग टपकन बाकावर पडली.

बारीक, काळपट, पितळी. बंदुकीची नव्हेच.

आयलिफनं ती भिंगाखाली धरली. तो हसला नाही, पण त्याचे कान मागे गेले. त्याला काही सापडलं की तसं व्हायचं. कुलपं उघडण्यात त्याचा जन्म गेला होता. ही स्प्रिंग कुलपाची होती. आणि ती कोणीतरी आत अडकवलेली नव्हती, नीट मापून, टोकं घासून बसवलेली होती.

दुपारी राग्नदिस आली तेव्हा त्यानं ती तिच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"आत होती. स्प्रिंगच्या आत स्प्रिंग. कोणीतरी मुद्दाम चाप जड केलाय. कुलपाची आहे, जुन्या मोठ्या कुलपाची."

राग्नदिस बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "गोठ्याचं दार!"

"काय?"

"अरे, आमच्या गोठ्याचं कुलूप! मी नऊ वर्षांची असल्यापासून ते लागत नाही. दाराला दोरी बांधतो आम्ही. मी वडिलांना किती वेळा म्हटलं, कुलूप आयलिफच्या वडिलांकडे न्या. ते म्हणायचे, राहू दे, दोरी बरी आहे. पन्नास वर्षं मी त्या दोरीच्या गाठी सोडतेय, थंडीत, काळोखात!"

ती मोठ्यानं हसली. मग हसणं मध्येच थांबलं आणि ती स्टुलावर बसली.

"बंदूक भिंतीवर असायची," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. आम्ही तिघं पोरं. मी थोरली. एकदा घरात कोणी नव्हतं. मी खुर्चीवर चढून ती काढली आणि धाकट्याला म्हटलं, तू एल्क हो. तो टेबलाखाली चार पायांवर गेला. मी दोन्ही हातांची बोटं घालून चाप ओढला. जिवाच्या आकांतानं ओढला. हललाच नाही."

आयलिफनं विचारलं, "भरलेली होती?"

"कोण जाणे. मी परत टांगून ठेवली. कोणाला सांगितलं नाही." तिनं स्प्रिंग मुठीत धरली. "धाकटा जहाजावर असतो. चार नातवंडं आहेत त्याला."

बाहेर दुधाची गाडी येऊन गेली. मग राग्नदिस उठली.

"आता घरात लहान कोणी नाही," ती म्हणाली. "ही स्प्रिंग मी नेते, कुलपात परत बसवते. तू चाप हलका कर. पिसासारखा कर."

"पिसासारखा नाही करणार."

आयलिफनं गिऱ्हाइकाला नाही म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. राग्नदिसनं भुवया वर केल्या.

"ऑक्टोबरात तू लोकरीचा हातमोजा घालणार," तो खाली बघत म्हणाला. "गारठलेल्या बोटाला पीस कळत नाही. भिंत हवी. तुझं बोट टेकेल एवढी. फक्त ओलांडता आली पाहिजे."

"बरं बाबा. तू आणि तुझी भिंत."

ती दुपार आणि बुधवारचा अख्खा दिवस त्यानं त्याच कामात घालवला. नुसती स्प्रिंग काढून काटा तीनच्या खाली येईना. जिथं चापाचा खटका बोल्टला, म्हणजे गोळीवर आदळणाऱ्या दांड्याला, धरून ठेवतो ते दोन पृष्ठभाग खरबरीत होते, युद्धाच्या घाईत कारखान्यानं जसेच्या तसे सोडलेले. ते तेल लावलेल्या बारीक दगडावर घासायचे. हे काम ज्याला घाई आहे त्यानं करू नये. कोन एका केसाएवढाही बदलला तर बंदूक नुसत्या धक्क्यानं सुटेल. आयलिफ दहा वेळा दगड फिरवायचा, पुसायचा, भिंगातून बघायचा, पुन्हा जोडायचा, काटा लावायचा. अडीच. सव्वादोन. दोन. शेवटी पावणेदोनवर तो थांबला. मग रिकाम्या बंदुकीचा खटका चढवून दस्ता लाकडी फरशीवर आपटला. डावीकडून, उजवीकडून, वरून. वीस वेळा आपटला. खटका जागचा हलला नाही. एकविसाव्यांदा त्यानं तो स्वतःच्या शंकेसाठी आपटला.

गुरुवारी तो रायफल घेऊन स्वतःच नेमबाजीच्या मैदानावर गेला. पाच वाजले होते, ऊन अजून टेकडीवर होतं. तुकडीतले आठ-नऊ जण वॅफल खात उभे होते.

"अरे वा, आयलिफ!" गुडमुंड ओरडला. "घराबाहेर? जगबुडी आली की काय?"

आयलिफ कानापर्यंत लाल झाला. राग्नदिस चटईवर आडवी झाली, बंदूक खांद्याला लावली, आणि पहिली गोळी धाडकन सुटून चित्राच्या अलीकडच्या गवतात घुसली. मातीचा फवारा उडाला.

"कॉफी!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

चूक काय झाली ते फक्त आयलिफला कळलं. बावीस वर्षांची सवय. साडेचार किलोंच्या तयारीनं तिनं ओढलं आणि समोर पावणेदोनच होते. कुलूप नाही अशा दाराला खांदा देऊन माणूस आत पडावा, तसं झालं.

"गेली," गुडमुंड वहीत बघत म्हणाला. ओरडून नाही, जरा वाईट वाटल्यासारखं. "आता पुढच्या वर्षी, राग्नदिस."

"नियमात बसतं," आयलिफ म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आजचा दिवस संपला नाही. आज पुन्हा पाच मारता येतात. नियमात आहे." शब्द संपेपर्यंत तो बोलत राहिला. मग चटईपाशी गुडघे टेकून तिच्या कानाशी पुटपुटला, "ओढू नकोस. दूध काढतेस ना, तसं. गाईला कळू नये असं."

राग्नदिसनं मान न वळवता विचारलं, "शांत गाय की लाथाडी?"

"लाथाडी."

"मग जमेल."

तिनं बोटं दोनदा उघडली, मिटली. चाप सैल आला, भिंतीला टेकला, थांबला. आणि मग अगदी हळू, एका बोटात सगळी चाळीस वर्षं घालून तिनं दाबलं. गोळी सुटल्याचं तिलाच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. दुसरी. तिसरी. वॅफल खाणाऱ्यांचं चघळणं थांबलं होतं. चौथी. पाचवीच्या आधी तिनं बंदूक खाली ठेवली, हात स्वेटरला पुसला, पुन्हा उचलली.

गुडमुंड शंभर मीटर चालत गेला. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. मग तिथूनच दोन्ही हात वर करून ओरडला, "पाच! पाचही! सगळ्या मुठीएवढ्या जागेत, सैतानीण कुठली!"

त्या आवाजात हेवा नव्हता. आयलिफला ते फार आवडलं होतं. जो माणूस हरल्यावर इतक्या मोठ्यानं दुसऱ्याचा आकडा सांगतो, त्याच्याबद्दल त्यानं मनातलं मत थोडं बदललं. जावई मात्र चष्मा शोधत होता.

शिकारीच्या पहिल्या दिवशी आयलिफ दुकानात होता. तो स्वतः कधी शिकारीला गेला नाही. दहाच्या सुमाराला दलदलीच्या बाजूनं एक बार ऐकू आला. तो हातातलं काम सोडून दारात उभा राहिला. आजवर राग्नदिसच्या पहिल्या बारामागे दुसरा यायचाच, कधी तिसराही. त्यानं वाट पाहिली. डेअरीच्या छपरावरून दोन कावळे उडाले. दुसरा बार आला नाही.

तो आत जाऊन बसला आणि बाकावरचा दगड उगीचच पुसत राहिला.

संध्याकाळी राग्नदिस वर्तमानपत्रात गुंडाळलेली एल्कची जीभ घेऊन आली. ज्याच्या गोळीनं एल्क पडतं, जीभ त्याची, असा त्या खोऱ्यातला रिवाज.

"मोठा नर," ती म्हणाली. "अकरा टोकांची शिंगं. उभ्या जागी कोसळला. गुडमुंडनं कॉफी केली, आयलिफ! अकरा जणांनी घेतली आणि नऊ जणांनी मागे ओतली."

"आणि... गोठ्याचं कुलूप?"

"लागतं," ती म्हणाली. "पण दोरी सोडायची इतकी सवय झालीय, की रोज सकाळी दाराशी उभी राहून दोरी शोधते."

जिभेबद्दल आभार मानायचे होते, पण शब्द सापडेपर्यंत ती सायकलवर बसली होती.

त्यानंतर ती नऊ वर्षं दलदलीच्या काठी उभी राहिली, आणि परीक्षेत पुन्हा कधी नापास झाली नाही. पुढे एका एप्रिलमध्ये ती दोन दिवसांच्या आजारानं गेली. त्याच्या आदल्या शनिवारी सहकारी दुकानाच्या पायऱ्यांवर आयलिफला ती दिसली होती. हातात बटाट्याची पिशवी होती. बर्फ वितळत होतं आणि पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं.

"आयलिफ, माझा माशांचा काटा तुझ्याकडेच आहे ना रे?"

"आहे. बाकावर."

"असू दे. पुढच्या शनिवारी नेते."

"ये," आयलिफ म्हणाला.