पोटरीतले मन

मन नेमके कोठे वसते, या प्रश्नावर विद्वानांनी शतकानुशतके डोके शिणवले. तो प्रश्न माझ्या मेहुण्यांनी चिंचवडच्या आपल्या ओसरीवर कायमचा निकालात काढला. त्यांच्या मते मन पोटरीत असते. तिथे सापडले नाही तर मानेत बघावे.

मेहुणे म्हणजे ताईचे यजमान. उमेदीची वर्षे त्यांनी खडकीच्या लष्करी दवाखान्यात शिपायांचे मोडून जुळलेले पाय चोळण्यात घालवली. पाय चोळताना माणसे आपसूक बोलू लागतात आणि बोलली की पाय लवकर सुधारतात, एवढे एकच शास्त्र घेऊन ते निवृत्त झाले. दारावर पाटी लावली नाही. "काय झालं?" असे ते कधी विचारत नसत, "कुठं होतंय?" असे विचारत आणि तिथे हात ठेवत. झोप उडालेल्या एका हेडमास्तरांना त्यांनी पवनेवरून पाणी भरायला लावले, स्वतः दुसरी घागर घेऊन. सहाव्या खेपेला हेडमास्तर घाटावर बसून ढसाढसा रडले आणि घरी जाऊन सरळ झोपले. मॅट्रिकला दोनदा नापास झालेली, घरात कोणाशी न बोलणारी एक मुलगी आठवडाभर त्यांच्यासमोर शेंगा फोडत होती. शेवटी तिने जे सांगितले, ते मेहुण्यांनी ताईलासुद्धा कळू दिले नाही. ताईचे म्हणणे एवढेच, की माणसे अशीच येत राहोत, पाण्याचे पिंप भरलेले राहते.

एका रविवारी पिंपरीकडचा एक शेतकरी आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. त्याची जमीन नव्या कारखान्यात गेली होती आणि बदल्यात पोराला तिथेच काम मिळाले होते. पण यंत्रापाशी उभा राहिला की पोराची बोटे लाकडासारखी ताठ होत. फोरमनने बजावले होते, सोमवारी हात चालला नाही तर नाव कमी.

"काय बी करा, पर उद्या ह्येचा हात चालला पायजे," बाप म्हणाला. "जमीन गेली. आता ह्यो एकच हाय."

मेहुण्यांनी पोराची पोटरी दाबली. लोण्यासारखी. मान दाबली, तीही मऊ. शास्त्र बुडाले, असे मला वाटले. पोरगा भिंतीकडे बघत होता. मग मेहुणे सरकून बापाच्या पायाशी बसले.

"आवो, माझं कायबी दुखत न्हाई. आजारी त्यो हाय."

"असू द्या हो. बसलोच आहे."

बापाची पोटरी दगड होती. मेहुणे चोळत राहिले. ताईने चहा आणला आणि तसाच परत नेला.

"पोरगा कामावरून आला की त्याला काय विचारता?" मेहुण्यांनी मान वर न करता विचारले.

उत्तर पोराने दिले. "आज कुठं हुबा व्हतास, त्येच. हिरीवर का आंब्याखाली. रोज."

"मग इचारू नगं?" बाप म्हणाला. "माझ्या बापानं खणलीया ती हीर. कारखान्यानं बुजवली."

"मशीनला हात लावला की वाटतं, हिरीत माती मीच टाकतोय, आबा," पोरगा भिंतीलाच म्हणाला.

मेहुण्यांनी पोराला काहीच दिले नाही. बापाला मात्र म्हणाले, "विहिरीचं मला सांगायचं. रोज या. ह्याला दुसरं काहीतरी विचारा."

सोमवारी मेहुण्यांना चैन पडेना. आम्ही सायकली काढून कारखान्याच्या फाटकाशी गेलो, तर बाप आधीच उभा. भोंगा झाला. माणसे लोंढ्याने बाहेर पडली; पोरगा त्यात नव्हता. मेहुणे स्वतःचीच मान दाबत होते. गर्दी ओसरली, रखवालदार फाटक ओढू लागला, तेव्हा तो आला. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने काळे.

बापाचे डोळे फाटकापलीकडे गेले. ओठ हलले. मेहुण्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"जेवलास का?" बापाने विचारले.

अशा क्षणी काहीतरी उदात्त कानी पडेल म्हणून मी श्वास रोखून होतो.

"जेवलो," पोरगा म्हणाला. "कालवणात मीठच न्हवतं."

बाप म्हणाला, "तुझी आय सकाळधरनं ध्यानावर न्हाई. इसरली आसंल."

मग दोघे मिठाबद्दल बोलत घराकडे चालू लागले.