अक्कांचं एम.ए.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवूनही जिची हौस फिटली नाही, आणि म्हणून जी एकावन्नाव्या वर्षी दप्तर भरून स्वतःच शिकायला बसली, अशी बाई अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे. आणि ती नेमकी माझ्याच नशिबी थोरली जाऊ म्हणून आली. माहेर कर्नाटकाच्या सीमेवरच्या उदगीरचं, म्हणून घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात. मुदखेडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर त्या पहिली-दुसरीला शिकवतात. आम्ही राहतो नांदेडात, त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. शाळा पाचला सुटते असं सरकार म्हणतं, आमच्या घरात ती सुटतच नाही. जेवायला बसताना अक्का हजेरी घेतात. थोरले भावजी, म्हणजे त्यांचे सख्खे नवरे, पापड मागायचा असला तर बोट वर करतात. लग्नाची पत्रिका आली की आधी लाल पेन निघतो. एकदा तर तपासलेली पत्रिका त्यांनी भर मांडवात वधूपित्याच्या हातात ठेवली होती. तिकडे मंगलाष्टकं चाललेली, आणि इकडे ही बाई त्या घामाघूम माणसाला सांगतेय, "सात चुका हायत. पोरीचं शिक्षण काढलं वाटतं, बापाचं राहून गेलं." मी अक्षता टाकायच्या सोडून तोंडाला पदर लावून उभी.

तुम्ही म्हणाल, एवढ्या हुशार बाईला या वयात एम.ए. कशाला? मीही तेच म्हणाले होते. पण त्यामागे एक अपमान आहे, आणि अक्का अपमान विसरत नाहीत. पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवायची त्यांची एक स्वतःची रीत आहे. रोज प्रत्येक लेकराने घरून एक शब्द आणायचा. आजीच्या तोंडचा असो नाहीतर आणखी कुणाच्या, फक्त बापाची शिवी सोडून. कुणी तेलुगू आणतं, कुणी लमाणी, कुणी दखनी. अक्का तो फळ्यावर लिहितात आणि ज्याचा शब्द त्यानेच तो सगळ्यांना वाचून दाखवायचा. दिवाळीपर्यंत वर्ग वाचायला लागतो. ही रीत सांगायला अक्कांना तालुक्याच्या शिक्षक प्रशिक्षणात दरवर्षी बोलवायचे. मग नियम आला की प्रशिक्षण देणारा एम.ए. पाहिजे. त्या वर्षी अक्का खाली सतरंजीवर बसल्या आणि एक कालचा पोरगेला साहेब त्यांचीच रीत पडद्यावर दाखवून त्यांनाच वाचून दाखवत होता. घरी आल्या त्या चप्पल न काढताच माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "माझंच मला शिकवून राहिला, आन् वरून म्हणतो, बाई, इकडं लक्ष द्या! वैशाली, मी एम.ए. करणार. पुढच्या खेपेला त्या फळ्यापाशी मी उभी असंन." लातूरच्या एका कॉलेजात निम्मं ऑनलाइन, निम्मं रविवारी हजर राहून असं शिक्षणशास्त्राचं एम.ए. होतं. अक्कांनी नाव घातलं आणि आमच्या घराचं वाटोळं सुरू झालं.

ऑनलाइन तास रोज संध्याकाळी सहाला. मी घरी ब्लाउज शिवते, आणि लग्नसराईत माझी मशीन सहालाच सगळ्यात जोरात चालते. अक्कांनी फर्मान काढलं: सहा ते साडेसात मशीन बंद, कुकर बंद, नळ बंद, थोरल्या भावजींचं खोकणं बंद. का, तर सरांना त्रास होतो! अहो, सर बसलेत लातुरात! नेट फक्त आमच्या गच्चीत यायचं, म्हणून टाकीशेजारी खुर्ची, खुर्चीवर इस्त्रीची साडी नेसलेल्या अक्का, आणि डोक्यावर छत्री धरायला मी. हजेरीत नाव आलं की त्या उभ्या राहून "हजर" म्हणायच्या. सरांना नुसता साडीचा काठ दिसायचा. एकदा सरांनी विचारलं की वर्गात गोंगाट झाला तर तुम्ही काय कराल. विचारायचं नव्हतं ते विचारलं. अक्का सुरू झाल्या त्या थांबेचनात, आणि शेवटी त्या बिचाऱ्याने त्यांना म्यूट केलं. अक्कांना ते कळलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा आवाज बंद केला? इन्स्पेक्टरची हिंमत झाली न्हाई कधी!" मी म्हणाले, "अक्का, ते बटण मला द्या की हो घरी." दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस बरे गेले, खोटं कशाला बोलू.

रविवारी पहाटेची एस.टी. धरून लोहा, अहमदपूर करत लातूर. सोबतीला मी, कारण थोरल्या भावजींना गाडी लागते. तिथे वर्गात सगळी पंचविशीतली पोरंपोरी, आणि पहिल्या बाकावर आमच्या अक्का, पाण्याच्या बाटलीला नाव चिकटवून. एकदा सूक्ष्म पाठ होता. म्हणजे आपल्याच सोबत्यांना पहिलीची पोरं समजून पाच मिनिटं शिकवायचं. अक्का समजत वगैरे बसल्या नाहीत, त्यांनी शिकवायलाच घेतलं. दोघांची जागा बदलली, एकीला वेणी नीट घालून ये म्हणाल्या, आणि मागच्या बाकावर एक गृहस्थ मोबाइलमध्ये बघत होते त्यांचा मोबाइल काढून घेऊन पर्समध्ये टाकला. तो गृहस्थ पाठाला गुण द्यायला आलेला परीक्षक होता. घड्याळ त्याच्या मोबाइलमध्येच, त्यामुळे पाठ पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. मला मात्र खिडकीतून दिसत होतं की तो माणूससुद्धा शेवटी हात वर करून शब्द सांगत होता. गुण किती दिले म्हणता? काठावर पास! वेळेचं बंधन पाळलं नाही म्हणून. अक्का अहमदपूरपर्यंत धुमसत होत्या.

इथवर मी हसत होते. पुढे जे झालं त्याने मात्र माझंही डोकं फिरलं.

शेवटी एक लघुप्रबंध लिहायचा असतो. अक्कांनी अर्थातच घरून शब्द आणायच्या आपल्या रीतीवर लिहिला. चार महिने लिहीत होत्या. तो कॉलेजात गेला आणि नक्कल शोधणाऱ्या यंत्रात घातला. यंत्र उचललेल्या ओळी लाल करतं म्हणे. अक्कांचा सगळा प्रबंध लाल झाला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. सरांनी फोन करून सांगितलं, "मॅडम, हे सगळं इंटरनेटवर आधीच आहे, वेगवेगळ्या शिक्षकांच्या नावाने. तुमचं नाव कुठंच नाही. महिन्याभरात नवीन द्या, नाहीतर नापास." जिने सव्वीस वर्षांत परीक्षेच्या हॉलमध्ये पुढाऱ्याच्या भाच्यालाही मान वळवू दिली नाही, तिला नक्कल केली म्हणाले! अक्कांनी फोन ठेवला आणि लाल पेन दप्तरात टाकून चेन लावली. ते बघून मला जास्त भीती वाटली.

आणि नाव नव्हतं ते का, तेही ऐका. मास्तर लोकांना रोजच्या पाठाचं टाचण लिहून मुख्याध्यापकाची सही घ्यावी लागते. साहेबांची तपासणी जवळ आली की ज्याचं टाचण चांगलं, त्याची वही शाळाशाळांतून फिरते आणि बाकीचे उतरवून घेतात. वर्षानुवर्षं अक्कांची वही फिरली. आधी पिशवीतून, मग मोबाइलवर फोटो काढून. आणि देताना अक्का नावाचं पान काढून ठेवायच्या, उगाच उतरवणारा साहेबांच्या तावडीत सापडू नये म्हणून. आपल्याच हाताने आपलं नाव पुसत राहिली ही बाई, आणि त्याला उपकार म्हणत राहिली!

मी ट्रंक उघडून जुन्या सह्यांच्या वह्या काढल्या. कॉलेज म्हणालं, सह्या चालत नाहीत. ज्यांच्या नावाने छापलंय त्यांच्यापैकी कुणी लिहून देत असेल तर बघू. हदगावच्या एका गुरुजींना तर त्याच टाचणावर पुरस्कार मिळालेला. अक्कांनी फोन लावला. "बाई, तुमचे उपकार जन्मात फिटायचे न्हाईत," गुरुजी म्हणाले, "पण लेखी कसं देऊ? माझं प्रमोशन तोंडावर आलंय." मी म्हणाले, "अक्का, नाव द्या त्याचं कॉलेजला. चांगलं उघडं पडू दे मेल्याला!" तर ही बाई शांतपणे म्हणते, "त्याच्या वर्गातली लेकरं वाचून राहिली ना? मग कशाला?" माझा इतका संताप झाला की त्या दिवशी मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

पण वह्या चाळताना मला एक दिसलं होतं. प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर दोन-तीन नावं होती. वर लिहिलेलं, 'राहिलेले'. कोण, घरचं काय, काय काय करून पाहिलं, आणि शेवटी, 'वाचायला आलं नाही'. मी विचारलं तर अक्कांनी वही हिसकावून घेतली. "ते दाखवायचं न्हाई कुणाला. ते माझं हाय." दोन दिवस ती वही त्यांच्या उशाला होती. तिसऱ्या दिवशी त्या गच्चीत जाऊन बसल्या आणि तेच लिहायला घेतलं: ज्यांना आपली रीत कामी आली नाही ती लेकरं. त्या महिन्यात मशीन बंद ठेव असं मला कुणी सांगितलं नाही, मी आपणहून ठेवली.

यंत्राचा अहवाल आला तेव्हा मी उड्याच मारल्या. एक ओळ लाल नव्हती! अक्का मोबाइलकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे एवढ्या वर्षांत हे पान कुणीच उतरवून घेतलं न्हाई गं. कुणाला नकोच होतं." मग पास झाल्या, पदवी आली, यंदा प्रशिक्षणात त्या फळ्यापाशी उभ्याही राहिल्या. मला वाटलं, चला, आता रविवार तरी सुटले.

कुठले सुटतात! आता दर रविवारी अक्का मुदखेडला जातात. त्या वहीतली एक मंगल तिथे स्टेशनबाहेर भाजी विकते. चौथीतून शाळा सुटली तेव्हा तिला वाचता येत नव्हतं, अजूनही नव्हतं. अक्का तिच्या भाजीच्या पाटीशेजारी गोणपाटावर बसतात आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा शिकवतात. मी एकदा चिडून म्हणालेही, "एवढ्या उन्हात, अक्का? पगार मिळतो का त्याचा?" परवा त्या दुपारीच परत आल्या, जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"आज मंगलनं तिच्या लेकीच्या वहीवरलं नाव वाचलं," त्या म्हणाल्या. "लेकीचं, आन् मग खाली आईचं, म्हंजे तिचं स्वतःचं. ती हसून राहिली होती गं, आन् मला तिच्याकडं बघवंना. वीस वर्षं, वैशाली! वीस वर्षं ती माझ्या वहीत बसली होती, आन् मी साधं उठून मुदखेडला गेले न्हाई."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिले.