आबांच्या मिशा कोणी काढल्या

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ताप आला तेव्हा त्यांचा पहिला संशय कलिंगडावर होता. कामशेतच्या बाजारातून आणलेलं कलिंगड उन्हात तापलेलं होतं, त्यानंच घसा धरला, असं त्यांचं म्हणणं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा होता. आमच्या वडिवळ्यात घराघरातून खोकला ऐकू यायचा आणि जो तो त्याला काहीतरी भलतंच कारण लावायचा. खरं कारण बोललं की गाडी येते आणि माणसाला घेऊन जाते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

मी लग्न होऊन लोणावळ्यात राहते. आईनं फोनवर सांगितलं, "ताप गेला बघ त्यांचा, आता काळजी न्हाई." मला बरं वाटायला हवं होतं. पण मागून आबांचा आवाज येत होता, आणि ते एक वाक्य दोनदा थांबून बोलत होते. मी स्कूटर काढली.

आबा ओट्यावर बसून चहा पीत होते. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ऐंशीच्या घरात. आबांनी तो काढला आणि आईच्या बोटाला लावला, सत्त्याण्णव. माझ्या बोटाला, अठ्ठ्याण्णव. परत स्वतःच्या. तोच आकडा.

"मशीन खोटं हाय," आबा म्हणाले. "मला कुटं काय झालंय? च्या पितोय न्हवं?"

"आबा, उभे राहा आणि दारापर्यंत जाऊन या."

ते गेले. परत आले तेव्हा ओठ निळसर दिसत होते आणि खांबाला धरून उभे राहिले. तरी म्हणाले, "न्हाई जायाचं मला. तितं गेलेला परत येत न्हाई."

लोणावळ्यातल्या एका लहान हॉस्पिटलात खाट मिळाली. दारातच त्यांचा फोन माझ्या हातात दिला गेला, आणि आबांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना कुणाच्या तरी ताब्यात दिलंय.

सुरुवातीला साधा ऑक्सिजन होता. मग तो पुरेना, म्हणून तोंडावर घट्ट मास्क बांधून जोरात हवा देणारं यंत्र लावलं. दिवसातला बराच वेळ पालथं झोपवायचे. संध्याकाळी हॉस्पिटलातून फोन यायचा, "पेशंट स्थिर आहेत." आई विचारायची, "स्थिर म्हंजी काय? बरं हाय का न्हाई, ते सांगा की." मलाही तो शब्द पटत नव्हता. दगडही स्थिर असतो.

आईनं फारच हट्ट धरला तेव्हा एका नर्सनं व्हिडिओ कॉल लावला. खाटेवर पारदर्शक मास्क बांधलेला माणूस होता. ओठावर मिशी नव्हती. आबांच्या मिशा मी जन्मल्यापासून तशाच होत्या, जाड, टोकं वळलेल्या.

आईनं फोन माझ्या हातात दिला. "हे ते न्हाईत."

"अगं, तेच आहेत."

"मंग मिशा कुणी काढल्या? घरातलं मानूस गेल्यावर काढत्यात मिशा. कोन गेलं?" ती फोनकडे वळली. "बाई, खरं सांगा. आमचं मानूस कुटं ठेवलंय?"

नर्स थकलेली होती, पण चिडली नाही. मिशांमुळे मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही, फटीतून हवा निसटते, म्हणून काढल्या, असं तिनं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि तिचा काडीचाही विश्वास बसला नाही. खरं सांगते, माझाही पुरता बसला नव्हता. त्या मास्कच्या वरचे डोळे सुजलेले होते. कुणाचेही असू शकले असते.

आई स्क्रीनवर वाकली. "ऐका. भाकड म्हैस इकून टाकते. गिऱ्हाईक आलंय."

खाटेवरच्या माणसानं सलाईन लावलेला हात उचलला आणि जोरजोरात नकारार्थी बोटं हलवली. दुसऱ्या हातानं तो मास्क ओढायला लागला, नर्सला धरावं लागलं.

"तेच हायत," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी रोज हॉस्पिटलखाली जाऊन उभी राहायचे. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाजवळ एक संशय होता. आत बरे झालेल्यांनाही अडकवून ठेवतात, चांगलं औषध वशिल्याच्या पेशंटला देतात, असलं बरंच. तिथंच मला खंडाळ्याची एक बाई भेटली. तिचा नवरा हॉटेलची टॅक्सी चालवायचा आणि आबांच्या शेजारच्या खाटेवर होता. तो सुधारून साध्या ऑक्सिजनवर आला होता, स्वतःच्या हातानं जेवत होता, नर्सच्या फोनवरून तिच्याशी बोलत होता. आबांहून कितीतरी लहान. ती मला धीर द्यायची आणि मी मनात म्हणायचे, याला काय वेगळं देतात जे आबांना देत नाहीत?

एका दुपारी तिला वर बोलावलं. खाली आली तेव्हा ती रडत नव्हती. "सकाळी बोलला माझ्याशी," एवढंच म्हणाली. "पोटात इंजेक्शन दिलं म्हणाला. आणि आता म्हणतात संपलं."

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात, ते इंजेक्शन त्या होऊ नयेत म्हणूनच असतं, तरी सुधारणारा माणूसही अचानक जातो. तिनं मला विचारलं, "तुम्हाला पटतं?"

आबा मात्र हळूहळू वर आले. मास्क आधी जेवणापुरता निघाला, मग दिवसभर. घरी आले तेव्हा पाय काडीसारखे झाले होते, औषधांनी साखर वाढली होती आणि न्हाणीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागायचं. गावात आमच्याकडचा चहा कुणी घेत नव्हतं. आबाही हॉस्पिटलच्या गोळ्या आईच्या नजरेआड थुंकायचे. ते एकच गोष्ट सांगायचे, "त्याला सुई दिली, आन् तो गेला."

"तुम्हालाही दिली होती ना ती?"

"रोज. मला का न्हाई झालं मंग? कायतरी बदललं असंल."

भात लावून झाला होता तेव्हा ती बाई वडिवळ्याला आली. माझा नंबर तिच्याकडे होता, मीच तिला कामशेत स्टेशनवरून आणलं. ओट्यावर बसली, आईनं दिलेला चहा प्यायली आणि आबांना म्हणाली, "आबा, तुम्ही शेजारी होता. त्यांनी मारलं का माझ्या माणसाला? तुम्ही सांगाल ते मी धरीन."

मला वाटलं, आता हे सुईचं सांगणार.

"सुई दिली, ते मी बघितलं. मला बी तीच दिली. मंग तो संडासला जायाला उठला, नळी काढून. नको म्हनत व्हती ती पोरगी. दारातच पडला. दोघी-तिघी पळत आल्या. एक तर त्याच्या छातीवर दाबत राहिली, दुसरी म्हनली सोड आता, तरी दाबत राहिली. मारायचं असतं तर एवढं कशाला केलं असतं? पन सुईनं झालं का उठल्यानं, ते मला म्हायती न्हाई बाई. मला तोंडावर बांधलेलं व्हतं. मला हाक बी मारता न्हाई आली."

ती खाली बघत होती. "माझं काही विचारलं होतं का, आधी?"

आईनं आबांकडे डोळे केले. व्हय म्हणा, असे.

"न्हाई," आबा म्हणाले. "गाडीचं बोलत व्हता. कोन चालवतंय, क्लच दाबून धरत असतील, म्हनायचा."

बाईनं मान वर केली. इतक्या महिन्यांत तिला खूप जणांनी खूप गोड सांगितलं असणार.

"हां," ती म्हणाली. "हे बोलला असेल तो."

मी तिला कामशेतला सोडायला गेले. परत आले तेव्हा आबा औषधांची पट्टी उजेडात धरून उलटसुलट बघत होते. मग त्यांनी एक गोळी काढली, आणि आईकडे पाणी मागितलं.