केसाळ सराटा आणि टकला सराटा

चार माणसं एकाच रानटी झाडाच्या मागं दोन वर्षं लागली, की किस्से आपोआप साठतात. आमचा कॉलेजातला बॉटनी विभाग तेवढाच होता: पाठक सर, माझी मैत्रीण नसरीन, लॅब सांभाळणारे रहीमचाचा आणि मी. तेव्हा शहराबाहेर वाळूजला कारखाने आले नव्हते, नुसता मुरमाड माळ होता. त्यावर जमिनीला चिकटून सराटा पसरायचा. इवलं पिवळं फूल आणि चपलेतून आरपार जाणारं काटेरी फळ.

सरांचं म्हणणं, आपल्याकडं सराट्याचे दोन प्रकार आहेत. एकाचं फूल मोठं, फळ केसाळ. दुसऱ्याचं फूल लहान, फळ गुळगुळीत. हे सिद्ध करायचं काम माझ्या एम.फिल.ला आलं. गुळगुळीत फळाच्या सराट्याला नसरीन ‘टकला’ म्हणायची.

* * *

पहिल्याच दिवशी मी बारा रोपं आणली. सरांनी भिंग लावून दोन ढीग केले: सात केसाळ, पाच टकले. मग आम्ही चहाला गेलो. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं सगळी रोपं एकत्र झाली. सरांनी पुन्हा ढीग केले. आता केसाळ चार, टकले आठ.

मी म्हटलं, “सर, मघाशी सात होते.”

सर शांतपणे म्हणाले, “मघाशी चहा झाला नव्हता.”

* * *

शेंद्र्याच्या शिवारात एक बाई खुरपत होत्या. मी दोन्ही रोपं पुढं केली. “मावशी, हे एकच हायेत का येगळे?”

त्यांनी खुरपं खाली ठेवून दोन्ही नीट पाहिली. “येगळे हायेत की. लई फरक हाय.”

मी घाईनं वही काढली. इतक्या दिवसांत कुणी इतकं ठामपणे सांगितलं नव्हतं.

“ह्यो आमच्या वावरातला,” त्या म्हणाल्या, “अन् ह्यो दिराच्या. बांधापल्याडचा. त्यो मुद्दाम काढीत नाय.”

* * *

वेरूळजवळच्या टेकडीवर आम्ही फुलांचा आकार मोजायला गेलो. एका बाजूनं नसरीन, दुसऱ्या बाजूनं मी. मोजून झालं की रोपाला लेबल बांधायचं. दुपारी एका रोपाचं फूल मोजलं, एकदम लहान भरलं. ‘लहान फुलाचा’ असं लिहून मी बांधायला वाकले, तर त्याला आधीच लेबल होतं. नसरीनच्या अक्षरात: ‘मोठ्या फुलाचा’.

तिनं ते सकाळी बांधलं होतं. उन्हानं फूल मिटत आलं होतं.

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सकाळचं लेबल ठेवा.”

* * *

पुढं पंधरा दिवसांत लॅबमधले टकले एकदम वाढले. केसाळ म्हणून ठेवलेल्या पाकिटातही टकलेच निघायला लागले. मी घाबरले. प्रबंध निम्मा टाईप झाला होता.

शेवटी एकदा रहीमचाचांना टेबलाशी बसलेलं पाहिलं. दात घासायच्या ब्रशनं ते एकेक फळ झाडत होते.

“चाचा, हे काय?”

“बेटी, लई धूळ थी इनपे. मैं सब साफ कर दिया.”

मी पुन्हा माळावर गेले. दोन महिने.

* * *

शेवटी तोंडी परीक्षा आली. बाहेरगावहून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी माझ्यापुढं फळांच्या दोन वाट्या ठेवल्या आणि म्हणाले, “कोणती कुठली, सांगा.”

भिंगातून मी बराच वेळ पाहिलं. मग डावीकडची केसाळ, उजवीकडची टकली असं सांगितलं आणि कारणंही दिली. परीक्षकांनी स्वतः भिंग लावून पाहिलं. “अचूक,” ते म्हणाले आणि सही करून चहाला गेले.

बाहेर रहीमचाचा उभे होते. “मुबारक बेटी. मैं तो डर गया था.”

“का, चाचा?”

“सर बोले थे, दोनों वाटी एकीच झाड से भरो. मैंने भरी.”

मी तशीच आत गेले. सर एकटेच टेबलाशी बसून त्या वाट्यांकडं बघत होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “केसाळ अगदी बरोबर ओळखलास. मला जमलं नसतं.”