पांझरेच्या दोन टोकांचा पाऊस

श्रावण लागला तरी जळगावात धूळ उडत होती. डोंगराच्या एका अंगाला पाऊस आणि दुसऱ्या अंगाला कोरडं, हा धडा मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवला, पण प्रत्यक्ष काही पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर एकदाची पांझरा नदीच्या उगमाकडे निघाले.

एसटीने धुळ्याला पोचून शकीलभाईंची गाडी केली. साक्रीपर्यंत दोन्ही बाजूंना माना टाकलेली कपाशी. पिंपळनेर जवळ आलं तशी हवा मऊ झाली. बाजरी हिरवी दिसू लागली, आणि मग कधीतरी, नेमकं कुठे ते कळलंच नाही, भाताची खाचरं आली. समोरचे डोंगर अर्धे विरघळले होते. पाऊस पडतोय की ढगच खाली उतरून चालताहेत, सांगता येईना. शकीलभाईंनी गाडी हळू केली.

आमचा दोघांचा मुक्काम मैत्रिणीच्या काकांकडे, नानांकडे होता. अंगणातच माझी एक चप्पल चिखलाने गिळली. ती काही सापडली नाही. चुलीपाशी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाची दाळ जेवलो. रात्रभर कौलांवर एकच संथ आवाज. झोप लागली तरी तो ऐकू येत राहिला.

सकाळी नदी तांबडी होऊन खालच्या धरणाकडे वाहत होती. नाना काठावर फोन हातात धरून उभे होते. त्यांची बहीण सुभद्राअक्का खाली, पांझरा तापीला मिळते तिकडे दिलेली. तिकडे पाऊस नव्हता, म्हणून कपाशी जगवायला तिने कोरड्या पात्रातल्या डोहात पाण्याची मोटर सोडली होती. नानांच्या फोनला रेंज नव्हती.

“धरण भरी गयं (भरून गेलं),” ते म्हणाले. “आते पानी सोडतीन (आता पाणी सोडतील). तिले सांगा, मोटर काढी ले, नही ते वाही जाई (नाहीतर वाहून जाईल).”

परतायचंच होतं. साक्रीला रेंज आल्यावर मी अक्कांना फोन लावला; नुसता वाजत राहिला. धुळ्यातही तेच. शकीलभाईंनी न विचारताच गाडी पुढे काढली. सोनगीरचा किल्ला मागे टाकून आत वळलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. माझ्या पदराला अजून कालची ओल होती आणि इथे मातीला भेगा. स्वप्नातून उठल्यावर अंथरूण ओळखीचं वाटू नये, तसं झालं.

अक्का पात्रातच होत्या, पाइपाशेजारी. फोन घरी राहिला होता. मी निरोप सांगितला. त्यांनी मोकळ्या आभाळाकडे पाहिलं. शेजारचे आबा कुरकुरले, की वीज आत्ता कुठे आली आहे, मोटर काढली तर आजची पाळी गेली, आणि पाणी आलंच नाही तर?  माझ्या पुस्तकात पाऊस कुठे पडतो ते होतं. तो खाली कधी पोचतो ते नव्हतं.

अक्कांनी मोटरीला बांधलेला दोर हातात घेतला. मग म्हणाल्या, “मना भाऊ सांगस ना (माझा भाऊ सांगतो ना), मग काढी लेसूत (काढून घेऊ).”

शकीलभाईंनी चपला काढल्या, आबाही उतरले. आम्ही सगळ्यांनी दोर ओढून मोटर वर घेतली आणि काठावर बसलो. दुपार उतरली. पाणी नाही. अक्का सुकलेल्या पिकाकडे पाहत होत्या आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात वळणाकडून सळसळ आली. वाळकी पानं आणि फेस पुढे ढकलत एक तांबडी रेघ सावकाश पात्रात शिरली. मागोमाग नदी आली. बघता बघता डोह दिसेनासा झाला. वर एकही ढग नव्हता.

अक्का खाली उतरल्या आणि त्यांनी पाण्यात हात बुडवला. “हाई मना भाऊना गावनं पानी शे (हे माझ्या भावाच्या गावचं पाणी आहे),” असं हळूच, स्वतःशीच म्हणाल्या.

जळगावला परतल्यावर भूगोलाचं जुनं पुस्तक उघडलं. डोंगराच्या दोन बाजू वेगवेगळ्या रंगांत, मधे ठळक रेघ. मला ती रेघ वाटेत कुठे दिसलीच नव्हती.

पूर ओसरल्यावर अक्कांचा फोन आला. मोटर पुन्हा सोडली होती, डोह काठोकाठ होता, कपाशीने मान वर केली होती. तिकडे पाऊस झाला का, असं मी विचारलं.

“नही,” त्या म्हणाल्या, “पन नानाकडे पडी राह्यना (पडतो आहे).”