माझी जाळी आणि मामांचा पत्रा

मी पुण्यात गाडीसाठी एक यंत्र डिझाइन करतो. ते पट्ट्याने इंजिनाला जोडलेलं असतं. गाडी चालताना वीज बनवतं, आणि सिग्नलला आपोआप बंद झालेलं इंजिन, ब्रेकवरून पाय उचलताच पुन्हा चालू करतं. नांदुऱ्याच्या मामांना हे समजावायला मी एक अख्खी दुपार घालवली. शेवटी तेच म्हणाले, "म्हंजे डायनामो अन् सेल्फ एकाच डब्यात. मंग सरळ सांग ना बे." मामांचं विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे.

उन्हाळी चाचणी नांदुऱ्यातच घ्या, हा आग्रह माझा. ऊन, धूळ आणि जिनिंगमधून उडणारा कापूस, सगळं एका जागी. "आमच्याकडचा कापूस तुम्हाला काय कळणार," असं भर मीटिंगमध्ये ऐकवून मी यंत्राच्या हवेच्या तोंडावर बारीक जाळी बसवून घेतली. वर, स्वतःच्या यंत्रावर इतका भरवसा, की गाडीतला नेहमीचा सेल्फ काढूनच टाकला.

पहिल्या दिवशी शेजारी आमच्या विभागप्रमुख मॅडम, मागे मामा. दिवसभर जिनिंगच्या रस्त्याने फेऱ्या मारून आम्ही रेल्वे फाटकाशी थांबलो. इंजिन बंद झालं. मी ऐटीत मागे वळून पाहिलं. फाटक उघडलं, मी पाय उचलला. काहीच झालं नाही. यंत्र फार तापलं तर त्याने काम नाकारावं, ही अट मीच लिहिली होती. ते बिचारं माझंच ऐकत होतं.

"बंद मात्र एकदम बरोबर होते गाडी," मामा उतरता उतरता म्हणाले.

मागच्या ट्रॅक्टरवाल्यांनी आणि चक्क मॅडमनी धक्का मारला. हात झटकत मॅडम म्हणाल्या, "उद्या पुन्हा इथेच. उद्याही चालू झाली नाही, तर हे डिझाइन मी उत्पादनाला पाठवणार नाही."

तीन वर्षांचं काम घेऊन मी मामांच्या दुकानात गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं. जाळीवर कापसाचा जाड थर बसला होता, हवा जायला जागाच नव्हती.

"गादी भरून राह्यला काय बे?"

"जाळी काढली तर कापूस आत जाईल, मामा."

"जाईल अन् निंघूनबी जाईल. आतमंधी पंखा कायले बसवला तू, शोभेले?"

विहिरीवरच्या मोटारींना करतात तसाच त्यांनी पत्रा कापला. वरून आडोसा, खाली तोंड मोकळं. माझी जाळी त्यांनी खिळ्याला टांगली. गिऱ्हाइकांना दाखवायला, म्हणे.

दुसऱ्या दिवशी तेच ऊन, त्याच फेऱ्या, तेच फाटक. मामा मॅडमना तांब्याच्या तारेतली भेसळ कशी ओळखायची ते सांगत होते. फाटक उघडलं. मी पाय उचलला. मामा बोलतच होते. रूळ ओलांडून बरंच पुढे गेल्यावर ते मधेच थांबले.

"हे चालू कव्हा झाली बे?"

आजवर माझ्या कामाला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. मॅडमनी वही उघडली. "मामा, पत्र्याखाली मोकळी जागा किती ठेवलीत?"

"चार बोटं," मामा हात पुढे करून म्हणाले.

आता तयार होणाऱ्या प्रत्येक गाडीत तेवढीच जागा असते. ड्रॉइंगवर ती मिलिमीटरमध्ये लिहिली आहे. मामांचा हात धरून, पट्टी लावून, ती मीच मोजली.