रिव्हर्स मालक टाकतील

राहात्याच्या बाजारतळावर मला गाडी शिकवणारे सर कधी ओरडले नाहीत. गाडी गचका देऊन बंद पडली, की सुपारी चघळत म्हणायचे, “क्लच हळू सोडा ताई, सायीला धक्का लागू देऊ नका.” माझा पाय सुधारला तो त्यांच्यामुळेच. पण गाडी मागं घ्यायची वेळ आली, की मला उतरवून स्वतः बसायचे. “रिव्हर्स मालक टाकतील. बाईमानसाला पुढं जाता आलं म्हंजी लई झालं.” माझ्याबरोबरच्या पुरुषांना मात्र त्यांनी आधी रिव्हर्सच शिकवला.

आज नवरा नेवाशाला गेलाय. मुलगी परीक्षेला निघायचं म्हणून गाडीत बसून घड्याळ बघतेय. गाडीचं तोंड भिंतीकडे आहे, आणि मला क्लच असा सोडता येतो, की सायीला धक्का लागणार नाही.